कोणाला भेटायचंय?

एमआयडीसीत कंपन्यांची गेटं वेगवेगळ्या रंगांची असली, तरी वॉचमनच्या केबिनमधली वही सगळीकडे सारखीच असते. नाव, वेळ, सही आणि मधे तो रकाना: कोणाला भेटायचे आहे.

आज पाचव्या गेटावर मी पुन्हा त्याच रकान्यापाशी अडकले. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिप केल्याशिवाय कॉलेज सोडत नाही आणि ओळख असल्याशिवाय कंपनी आत घेत नाही. मेलला कुणी उत्तर देत नाही, म्हणून बायोडेटा घेऊन उन्हात निघाले, तर रकान्यात नुसतं 'एचआर' लिहिलेलंही चालत नाही.

"माणसाचं नाव लागतं, बाळा," वॉचमनकाका म्हणाले.

तीन वर्षं मला गिअर शिकवले, बॉयलर शिकवले. या रकान्यात काय लिहायचं, हे मात्र एकाही सरांनी शिकवलं नाही. वर्गातल्या ज्यांना ते येतं, त्यांचा कुणीतरी मामा आत बसलेला असतो. माझे बाबा शिंपी आहेत. त्यांच्या ओळखी ब्लाउजच्या मापांपुरत्या. मी वैतागून पेन वहीवर आपटलं.

काका रागावले नाहीत. त्यांनी माझा बायोडेटा घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आता आत फोन लावतील, असं मला वाटलं.

"माझी मुलगीपण मेकॅनिकललाच आहे," ते हळूच म्हणाले. "तुला कुठं मिळालं, तर तिच्यासाठीही विचारशील का?"

मागून हॉर्न वाजला. काकांनी धावत जाऊन गेट सताड उघडलं आणि सलाम ठोकला. गाडी वहीत काहीही न लिहिता आत गेली.