कोकिळाकाकूनं ओटीत घातलेली तूर

खळ्यावरून कोणी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा कोकिळाकाकूच्या सासूचा नेम. सासू गेली, नेम राहिला. म्हणून बियाणं कंपनीचा तो गुळगुळीत साहेब दारव्ह्याहून जीपनं आला आणि शेंगा निरखू लागला, तेव्हा काकूनं त्याच्याही रुमालात ओंजळभर तूर ओतली.

जांभळ्या रेघांची शेंग होती ती. गाव कंपनीच्या पाकिटातल्या बियाण्याच्या कापसावर गेला होता आणि तो कापूस दरसाल तोंडघशी पाडत होता, तेव्हाही काकूची तूर ताठ उभी.

पुढच्या हंगामात साहेब परत आला. आवाजाला साखरेचा पाक.

"म्हणजे बघा मावशी, देशोदेशींचे व्यापार करार झालेत. आता बियाण्यालाही मालक असतो. नोंदणीचा अर्ज केलाय आम्ही. नोंदणी झाली, की हे जांभळ्या रेघांचं वाण आमचं."

भगवानराव बायकोवरच उसळले. "दे, आनखी दे ओंजळ भरून! उद्या म्हनन, बायकोबी आमचीच!"

"तुमालेच ने म्हना," काकू म्हणाली, "मले चार दिस आराम."

पण हसू ओठावरच राहिलं. सासूनं पदरात टाकलेलं बी आपल्याच हातानं परक्याच्या नावावर चाललं, या विचारानं तिला भाकर गोड लागेना.

मग त्या अर्जाच्या चौकशीला सरकारी अधिकारी आले. म्हणाले, "बाई, लोकांच्या वापरात असलेलं वाण नवं म्हणून कोणाच्या नावावर चढत नाही. पण हे आधीपासून लोकांत आहे, याला आधार काय?"

काकूजवळ कागदाचा चिटोरा नव्हता. होती फक्त खोड. लोक ओटीत तांदूळ घालतात, ही सासरी निघालेल्या लेकीबाळींच्या ओटीत तूर घालायची. जाऊ टोमणा मारायची, "काहून वं, ओटी भरून राह्यली का पेरनी करून राह्यली?"

"बजाराच्या दिवशी या, सायेब," काकू म्हणाली आणि प्रवासी जीपवाल्यांच्या हाती गावोगाव सांगावा धाडला.

बाजाराच्या दिवशी अधिकारी आले, कंपनीचा साहेबही आला, आणि खळं बायकांनी भरलं. कोणी ढाणकीची, कोणी केळापूरची. प्रत्येकीच्या पदरात आपापल्या वावरातल्या शेंगा, आणि प्रत्येक शेंगेवर त्याच जांभळ्या रेघा. पांढऱ्या केसांची मानीबाई काठी आपटत पुढं झाली.

"माही ओटी इच्या सासूनं भरलती. तवा हे कंपनीवाले जन्मले तरी होते का, इचारा!"

खळं खदाखदा हसलं. अधिकाऱ्यांनी शेंगांमागून शेंगा सोलून पाहिल्या. "हे नवं नाही," ते म्हणाले. "माझा अहवाल तसाच जाईल." तसाच गेला, आणि पुढं अर्ज फेटाळला गेला.

त्या दिवशी मात्र कंपनीचा साहेब मान खाली घालून जीपकडे निघाला.

"ओ सायेब, थांबा!"

भगवानरावांनी कपाळाला हात लावला. काकूनं साहेबाच्या रुमालात पुन्हा ओंजळ ओतली, आधीपेक्षा भरघोस.

"घे बाप्पा. पेरजो, खाजो, वाटजो. फक्त कोनाची इचारलं त नाव बराबर सांगजो."