शांताआत्याची मिश्री

मी पदवीधर झालो तो माझ्या शांताआत्यामुळे. शेलूबाजारजवळच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवून तिनेच मला शिकवलं.

काल कारंज्याच्या एसटीत शेजारच्या बाईंनी मिश्रीची डबी उघडली. भाजलेल्या तंबाखूचा तो वास आला आणि मी तीस वर्षं मागे, आत्याच्या शेताच्या धुऱ्यावरच्या हुरड्यापाशी जाऊन बसलो.

नवी नोकरी लागून मी सुटीत आलो होतो. आत्या गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकून दाणे माझ्यापुढे टाकत होती.

"आत्या, तू काहून नाही खाऊन राह्यली?"

"माह्यं पोट भरलं. तुले शहरात हुरडा भेटत नसंन, खाय सायेब!"

मग तिने हिरड्यांवर मिश्री घासली. "यानं दात घट्ट राह्यतात," ती म्हणाली. बोटाला रक्त आलं, ते तिने पदराला पुसलं. मी पाहिलं आणि खात राहिलो.

आज माझ्याच हिरड्या सुजतात, तेव्हा त्या खात राहण्याची लाज वाटते. त्या हुरड्यानंतर महिन्याभराने मी दातांच्या एका डॉक्टरांशी बोललो, तेव्हा कुठे आत्या का खात नव्हती ते मला उमगलं. त्याच दिवशी पत्र लिहिलं. तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलं:

"आत्या, मिश्रीनं हिरड्या सुटतात. आजपासून बंद कर. रविवारी येतो, वाशिमला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. भिऊ नको, मी जवळ बसतो. उरलेले दात वाचतील. आणि चावता येत नसेल, तर मला तसं सांगत जा."