केप पॅलिसरच्या वाटेवर भेटलेला बिशप

त्या शुक्रवारी मी रागातच बॅग भरली. जाड जॅकेट, जँडल्स (इथे रबरी चपलांना म्हणतात तसं), थेपल्यांचा डबा. वृषालीताई जॉन्सनव्हिलमध्ये माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. ती आणि तिची सात वर्षांची सई लेबर डेच्या सुट्टीत केप पॅलिसरला निघाल्या होत्या आणि गाडीत एक जागा रिकामी होती. एरवी मी नको म्हटलं असतं, पण घरी बसले असते तर काहीतरी फोडलं असतं.

कारण सांगते. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी औषधांचे डोस काढणारं सॉफ्टवेअर बनवते आणि मी ते तपासते. त्रेचाळीस चाचण्या वेळेअभावी झाल्याच नव्हत्या, आणि मंगळवारी माझ्या सहीने रिपोर्ट जायचा होता. त्यात पास झालेली चाचणी हिरवी दिसते. आमचा टीम लीड पुण्याचा. ऑफिसात सगळे त्याला नुसतं विवेक म्हणतात, मी एकटी 'सर'. ऑफिसच्या किचनमध्ये चहा ढवळत ते मला मराठीत म्हणाले, "अगं, मी काही सांगत नाहीये हं. तू समजूतदार आहेस. मंगळवारी सगळं हिरवं दिसलं की झालं. तुझं वर्क परमिटपण रिन्यूला आलंय ना?"

शेजारी दोघं सहकारी टोस्ट करत उभे होते. त्यांना एक अक्षर कळलं नाही. म्हणून तर मराठीत!

शनिवारी सकाळी निघालो. रिमुटाकाचा घाट अरुंद आणि वळणावळणाचा आहे, वारा गाडीला ढकलतो. मुलं बरोबर असतील तर पिशव्या हाताशी ठेवा. सईने दोन वापरल्या. उतरल्यावर फेदरस्टनला तीन डॉलरला गरम 'पाय' मिळाला, म्हणजे खिमा आणि चीज भरलेली खारीसारखी पेस्ट्री. ताईसाठी भाजीची.

"सही कर आणि मोकळी हो," ताई म्हणाली. "रेसिडन्सी मिळू दे, मग काय ती तत्त्वं पाळ. परत पाठवलं तर घरी काय सांगशील?"

तेच तर. माझे बाबा पिंपरीला लेथवर काम करायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. चाळीतले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे आणि आई कौतुकाने सांगायची, हिने लिहिलं की खरं असतं.

पुढच्या एका गावात सईला टॉयलेट हवं होतं म्हणून थांबलो. लाकडी कॅथलिक चर्चमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं. चहा आणि स्कोन, डबीत वाटेल ते नाणं टाका. दारातल्या आयरीन नावाच्या आजीबाई "किया ओरा, आत या" म्हणाल्या, किया ओरा म्हणजे इथला नमस्कार. आत एका खिडकीच्या रंगीत काचेत गुडघे टेकलेला एक बिशप होता आणि त्याच्या डोक्यावर चार तलवारी.

"आई, व्हाय आर दे हिटिंग हिम?" सईने विचारलं.

आयरीनबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. हे संत थॉमस बेकेट, बाराव्या शतकातले. लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, राजाचा जिवलग मित्र आणि कारभारी. आपला माणूस आपलंच ऐकेल म्हणून राजाने त्यांना कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे देशातल्या चर्चचा प्रमुख केलं, आणि त्या खुर्चीत बसल्यावर ते राजालाच नाही म्हणायला लागले. सहा वर्षं परदेशात काढून परत आले, तरी नाहीच.

"मग राजाने मारायला सांगितलं?" मी विचारलं.

"छे! तो रागाने नुसता ओरडला, की या माणसापासून मला कोणी सोडवत कसं नाही. चार सरदारांनी ते ऐकलं आणि थेट चर्चमध्ये जाऊन त्यांना मारलं. राजा म्हणाला, मी कुठे सांगितलं होतं?"

माझे कान तापले.

"व्हाय डिडन्ट ही जस्ट से सॉरी?" सई म्हणाली.

"कोणी, राजाने? म्हणाला ना. नंतर अनवाणी चालत आला, पाठीवर फटके खाल्ले."

मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग! मला त्या सुंदर निळ्या काचेचाही राग आला. खरं सांगायचं तर बेकेटचं भांडण मला पूर्ण पटलंही नाही. गुन्हेगार पाद्र्यांवर राजाच्या कोर्टात खटला नको, हा त्याचा मोठा मुद्दा होता. पण मला बेकेटपेक्षा ते चौघे सरदार छळत होते. न दिलेला हुकूम बरोबर समजून घेणारे समजूतदार लोक!

निघताना बाईंनी व्हिजिटर्स बुक पुढे केलं. मी पूर्ण नाव लिहून सही केली. त्या आठवड्यातली एकुलती एक.

मार्टिनबरोच्या कॅम्पमध्ये केबिन पंचेचाळीस डॉलरला मिळाली, पांघरूण आपलं न्यायचं. रविवारी केप पॅलिसर. शेवटचा रस्ता खडीचा आहे, सावकाश जा. वाटेत न्गावीला बोटी समुद्रातून ओढायला किनाऱ्यावर गंजके बुलडोझर उभे असतात, ते बघाच. सील कुजक्या मासळीसारखे वास मारतात. लाइटहाउसच्या अडीचशेवर पायऱ्या चढून मी वाऱ्यात जोरात ओरडले, "नाही!" खालून ताई हात हलवत होती. तिला वाटलं, मी फोटो काढायला बोलावतेय.

सोमवारी परतलो. मंगळवारी सकाळच्या मीटिंगला सगळे उभे होते. माझी पाळी आली.

"विवेक," मी म्हणाले. पहिल्यांदाच. त्याने मान वर केली. "शुक्रवारी तू मला मराठीत जे म्हणालास, ते मी आता सगळ्यांना इंग्रजीत सांगते."

आणि सांगितलं. परमिटच्या वाक्यासकट.

रिपोर्ट थांबलाय, चाचण्या चालू आहेत. परमिटचं अजून काही कळलेलं नाही. ताई दोन दिवस बोलली नाही, मग वरण-भात घेऊन वर आली. बाबांना फोनवर सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "सही केली नाहीस ना?"

"नाही."

"मग पाठवलं परत, तर खुशाल ये."