काठी आपटणारा

एमआयडीसीच्या मागं बाभळीच्या रानातून तळ्यापर्यंत एक पायवाट जाते. नव्वदीच्या दशकात मी तिथं रोज सकाळी फिरायला जायचो. एक टोपीवाला म्हातारा कायम माझ्या पुढं असायचा आणि पावलागणिक काठी आपटायचा. त्या धपधपीनं तितर उडून जायचे आणि माझं डोकं फिरायचं.

थंडीतल्या एका सकाळी मी मुद्दाम त्याला मागं टाकलं. पायात नवे रबरी बूट होते. माझं पाऊल मलाच ऐकू येत नव्हतं. वळणावर त्यानं मागून माझा दंड घट्ट धरला.

"हलू नका बिलकुल."

दोन हातांवर घोणस उन्हाला पडली होती. अंग फुगवून कुकरसारखी फुसफुसत होती. त्यानं काठी उगारली नाही, जागेवरच हळूहळू आपटत राहिला. बऱ्याच वेळानं ती बाभळीखाली सरकली.

"का नाही मारली?" मी विचारलं.

"ती तिच्या घरी हाय. आपण येऊन राह्यलो, तर सांगून यावं. तुमच्या बुटाला आवाजच न्हाई."

आता त्या वाटेवर काठी माझ्या हातात असते. मागून येणारे चिडतात. मी चिडू देतो. पुढं मात्र जाऊ देत नाही.