मास्तरांनी घेतलेली वाइनची ट्रायल

टेलर मास्तरांचा जन्मभराचा एक सिद्धांत होता: ट्रायलला जो पहिल्याच झटक्यात "मस्त!" म्हणतो, तो भिडेखातर बोलतो आणि त्याचा कोट आठवड्यात परत येतो. म्हणून मास्तर गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून दरडावायचे, "हात वर करा. खाली बसा. कुठं काचतंय ते सांगा, मगच जा." खोट न काढणं हा त्यांच्या लेखी कारागिराचा अपमान होता.

असा हा माणूस बायको-लेकीला घेऊन होणाऱ्या व्याही-विहीणबाईंसोबत हॉटेलात जेवायला बसला. लेकीचं लग्न ठरायचं होतं. मुलगा-मुलगी राजी होते. साहेबी थाटाचे व्याही तेवढे अजून तोलूनमापून बोलत होते. "बाबा, आज कशातही खोट काढू नका हं," लेकीनं जिन्यातच हात जोडले होते.

व्याह्यांनी त्यांची आवडती लाल वाइन मागवली. "पहिला मान मास्तरांचा!" वेटरनं बूच काढून ग्लासात घोटभर ओतली आणि हात मागे बांधून, चव पसंत पडते का याची वाट बघत तो उभा राहिला.

मास्तर सावरून बसले. म्हणजे ही ट्रायल! जन्मात वाइन न चाखलेल्या मास्तरांनी घोट घेतला, डोळे मिटले, मान डावीउजवीकडे वळवून पाहिली.

"सुरुवातीला बरी बसते," ते वेटरला म्हणाले, "पण गळ्याशी काचते. जरा सैल करून आणता?"

लेकीनं मेनूकार्डात तोंड खुपसलं. व्याह्यांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. "ही वाइन आजवर कुणी नाकारलेली नाही."

"नाकारतोय कुठं? दुरुस्ती सांगतोय!"

विहीणबाईंना हसू आवरेना. "अहो, साहेबांची वाइन नाकारणार कोण? ऑफिसची माणसं तुमच्यासमोर वा वा करतात नि वळली की तोंड वेडंवाकडं करतात. मीही लग्नापासून 'छान, छान' म्हणतेय. आंबटढाण आहे मेली!"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

व्याह्यांनी स्वतः घोट घेतला, या खेपेला नीट चव घेत. "काचते खरी," ते पुटपुटले.

तोवर विहीणबाई खुर्ची ओढून मास्तरांच्या बायकोला चिकटल्याही होत्या. "ताई, असा सासरा माझ्या लेकाला हवाच. तारीख कधीची धरायची?"

बाटली उघडलेली, परत घेणार कोण? दोघे व्याही एकेक घोटाला तोंड वाकडं करत ती संपवत बसले. लग्न ठरल्याचं त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.