पंक्चर निघेपर्यंत

शहागडच्या हायवेवर माझ्या साडूंइतका भाव दुसऱ्या कुणालाच नाही, आणि हे मला अजिबात सहन होत नाही. माझं रीतसर डिग्री घेऊन थाटलेलं औषधांचं दुकान, तर रस्त्यापलीकडे त्यांची पत्र्याची पंक्चरची टपरी. शिक्षण आठवी नापास! पण एचआयव्हीपासून कसं वाचायचं हे विचारायला झाडून सगळे ट्रकवाले त्यांच्याकडे. कंडोम माझ्याकडून घेतात आणि अक्कल त्यांच्याकडून.

एकदा दवाखान्याच्या शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून हे खूळ. ट्यूब टपातल्या पाण्यात बुडवली की बुडबुडे शोधता शोधता व्याख्यान सुरू. "पंक्चर निघंपर्यंत ड्रायव्हर जातो कुठं?" हे त्यांचं तत्त्व. कुणी मधेच उठू लागला, तर सापडलेलं भोक साडू पुन्हा हरवतात. "कंडोम दर बारीला वापरला, तर एचआयव्हीबी अडवतो न् दुसरे गुप्तरोगबी. लागण व्हायच्या आधीच ती अडवायला रोजची गोळीबी मिळती, ती तपासणी करून, डॉक्टरला इचारूनच घ्यायची. पर ती नुसता एचआयव्ही अडवती. न् चूक झालीच, तर बहात्तर तासांच्या आत दवाखाना. जितकं जल्दी तितकं बरं. मंग अठ्ठावीस दिवस औषध. उद्या बघू म्हनायचं न्हाई!" मी दुकानातून कान लावून ऐकतो. एक चूक सापडेल तर शपथ.

दोन वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर तपासणीत पॉझिटिव्ह निघाला. नवी नवरी घरी, आणि तिला लागण होईल या भीतीनं हा घरीच जाईना. साडूंनी त्याच्या ट्रकचं धडधाकट चाक खोललं आणि त्याला बसवून घेतलं. "औषध रोज घे. रक्तातला विषाणू तपासणीत दिसंनासा झाला न् पुढंबी दिसंनासाच राहिला, की बायकोला तुझ्यापासून लागण न्हाई. तवर कंडोम. तिचीबी तपासणी कर. पर आधी घरी जा."

परवा तो बायकोला घेऊन आला. ती निगेटिव्ह, हा ठणठणीत. पेढ्यांचा पुडा थेट साडूंच्या हातात. माझ्या पोटात दुखलंच. तो गेल्यावर मी रस्ता ओलांडून विचारलं, "माझं दुकान त्याला दिसलं नाही का?"

साडूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "दिसलं की, साडभाऊ. त्या दिवशी इचारायला पहिल्यांदा तुमच्याकडंच आल्ता. तुम्ही कंडोमचं पाकीट पेपरात गुंडाळून दिलं न् तोंड फिरवलं. मंग इकडं आला."

पेढा तसाच हातात घेऊन मी रस्ता ओलांडला.

आता मी पाकीट गुंडाळत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, जरा थांबतो. अजून कुणी काही विचारलेलं नाही.