कपाळावरची पांढरी बट

माझी थोरली बहीण जन्मली तीच पांढरी बट घेऊन. भांग सुरू होतो तिथले केस पांढरे, आणि खाली कपाळावर तेवढीच कातडी पांढरी. पुढं आयुष्यभर त्यात तसूभर फरक पडला नाही. पण गावाच्या तोंडी ते कोड, आणि कोड म्हटलं की गाव पुढचं ऐकूनच घेत नाही.

एकोणीसशे साठच्या आसपास तळोद्याकडचं स्थळ आलं. आईनं दिव्याची काजळी तेलात खलून बट काळी केली आणि कपाळावरचा डाग झाकायला पदर पुढं ओढून दिला. आमच्यात तेव्हा मुलाकडच्या बाया पोरीची वेणी सोडून स्वतः फणी घालत, गंगावन तर नाही ना हे बघायला. आईला हे ठाऊक होतं, तरी ती काजळीच्या भरवशावर बसली. फणीबरोबर काजळी उतरली.

"पोरले कोड शे," मुलाची आत्या उठत म्हणाली.

"जनमपाईन शे ते, वाढत नही," आई हात जोडून सांगत राहिली. चहाही न घेता त्या निघून गेल्या.

मग काकूनं बिब्बा आणला. बिब्ब्याच्या तेलानं कोड जातं असं बाया छातीठोकपणे सांगत. काकू तेल लावत होती, आईनं हात धरले होते आणि बहीण किंचाळत होती. कपाळ फोडांनी भरलं, पिकलं, कातडी आवळून एक भुवई वर ओढली गेली. त्यानंतर तिला बघायला कुणी आलंच नाही. माझं लग्न ठरलं, तेव्हा वऱ्हाडाच्या नजरेस पडायला नको म्हणून तिला कोरीटला मामाकडे धाडून दिलं. त्या मांडवाची मला आजही चीड येते.

कित्येक वर्षांनी माझ्या नातीला तशीच बट निघाली, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडून निघून अंगभर पसरतात. पुढं जायचा निरोप त्यांना ज्याच्यामुळे कळतो, तो पेशीवरचा रिसेप्टर काहींच्यात जन्मतःच अधू असतो. मग पेशी कपाळापर्यंत पोचत नाहीत. हे कोड नव्हे, हे वाढत नाही. ऐकता ऐकता माझं डोकं फिरलं. आई दुसरं काय सांगत होती?

माहेरी जाऊन मी बहिणीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग जाय, त्यास्ले सांगी ये."

कुणाला सांगू? मुलाची ती आत्या, काकू, आई, सगळ्या कधीच मेल्या होत्या.